शांत नव्हत्याच त्या दीर्घिका

निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुम्ही रेडिओवर होतात म्हणे. कुठला कार्यक्रम करायचात?"

"मी बोलत नसे, आजोबा. ऐकत असे," मी म्हटलं.

"अच्छा, म्हणजे श्रोत्यांच्या पत्रांचा विभाग!" असं म्हणून ते समाधानाने खाली उतरले.

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. नाशिकच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. शिकवण्याच्या जोडीने, कुणी सांगितलेलं नसताना, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचे नकाशे केले. ही हकिगत त्या जोडकामाची आहे. 'देवरे मॅडमनी एवढं काम केलं, मग नावामागे डॉक्टर का नाही?' असं लोक मला आडून विचारतात. आडून विचारणाऱ्यांना सरळ उत्तर द्यायची ही संधी मी सोडणार नाही.

आधी विषय सांगते. आपला सूर्य ज्या तारकांच्या वस्तीत राहतो तिला आपण आकाशगंगा म्हणतो. अशा वस्त्या विश्वात अगणित आहेत, त्या दीर्घिका. काही लांबट गोळ्यासारख्या असतात. काही चपट्या, मधून बाहेर वळत गेलेल्या. त्यांना सर्पिल म्हणतात. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा चकली डोळ्यांसमोर आणली तरी चालेल. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर असतं. कुठे कुठे ते भुकेलं असतं. आजूबाजूचा वायू ते ओढून घेतं आणि त्यातला काही भाग गिळण्याआधीच दोन विरुद्ध दिशांना जोरात बाहेर फेकला जातो. हे झोत. आमच्या बोलण्यात जेट. ते रेडिओ लहरींत उजळ दिसतात.

मोठमोठे, नजरेत भरणारे झोत सापडले ते जवळपास सगळे गोळ्यांसारख्या दीर्घिकांत. चकल्यांची केंद्रं जागी असली तरी रेडिओत त्या फारच मंद. मग त्यांच्यावर शिक्का बसला: 'रेडिओ-शांत'. एकदा शिक्का बसला की पुन्हा नीट बघायचे कष्ट कोण घेतो?

मी चाळिशीला टेकले तेव्हा पीएच.डी.साठी नाव घातलं. माझे मार्गदर्शक पुण्याचे सबनीस सर. माणूस विद्वान, सज्जन आणि अतिशय सावध. त्यांनी मला पंधरा रेडिओ-शांत सर्पिल दीर्घिकांची यादी दिली. त्यांची जुनी निरीक्षणं कुणी फारशी वापरली नव्हती.

"विजयाबाई, प्रत्येकीच्या केंद्राची तेजस्विता मोजा," सर म्हणाले. "तक्ता करा, चर्चा लिहा. तुमची नोकरी आहे, संसार आहे. उगाच खोल पाण्यात शिरू नका."

मला ते सल्ल्यासारखं वाटलं होतं. ती हद्द आहे हे नंतर कळलं.

रेडिओ दुर्बीण म्हणजे डोळा लावायची नळी नव्हे. शेतं-ओढे ओलांडून पसरलेल्या मोठमोठ्या तबकड्या एकाच वेळी आकाशातल्या एकाच जागेकडे तोंड करतात. त्यांनी टिपलेले संकेत एकमेकांशी ताडून, गणिताने, नकाशा तयार करावा लागतो. त्यात मोबाईल, विजेच्या तारा, विमानं, सगळ्यांचा गोंगाट मिसळलेला असतो. तो ओळखून काढून टाकायचा. म्हणजे निम्मं काम निवडण्याचंच. डाळीतले खडे निवडताना डाळच फेकली जाऊ नये, एवढी काळजी घ्यायची. सोमवार ते शनिवार कॉलेज आणि प्रयोगशाळा. माझं हे निवडणं रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर चाले.

यादीतली नववी दीर्घिका मी अशाच एका रविवारी करायला घेतली. केंद्राचा आकडा तासाभरात निघाला. पण नकाशात केंद्राच्या दोन्ही बाजूंना फिकट पसारा होता. अगदी गोंगाटाच्या पातळीच्या जरासा वर. मी नकाशा पुन्हा केला. या वेळी जवळजवळ असलेल्या तबकड्यांना जास्त वजन दिलं. कारण साधं आहे: दूरदूरच्या तबकड्या बारीक तपशील टिपतात, पण पसरट, फिकट उजेड त्यांच्या हातून निसटतो. तो जवळच्या तबकड्या पकडतात. नवा नकाशा पडद्यावर उमटला आणि मी उठून उभी राहिले. चकलीच्या पातळीतून बाहेर, तिरक्या दिशेने, दोन्हीकडे लांबवर गेलेले दोन पट्टे. एक डावीकडे वळलेला, दुसरा उजवीकडे.

माझे यजमान प्रकाश बँकेत होते. त्यांनी मागून डोकावून विचारलं, "बिघडलं का काही?"

"नाही. बिघडलेलं नसावं असं वाटतंय," मी म्हटलं.

पुढच्या चार महिन्यांत असा पसारा आणखी दोन दीर्घिकांत मिळाला: चौथी आणि अकरावी. मी पुण्याला गेले आणि तिन्ही नकाशे सरांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा न काढता एकदा बघितले.

"तुमचं प्रमाणीकरण कच्चं आहे. चुका पसरल्या की असे पट्टे दिसतात. बाहेरचं पुसून टाका, केंद्राचं तेवढं ठेवा."

"सर, चूक असती तर प्रत्येकीत दिशा तीच आली असती. इथे तिन्ही दिशा वेगळ्या आहेत."

"सर्पिल दीर्घिकेत एवढा मोठा जेट? विजयाबाई, लोक हसतील."

लोक हसले. एका परिसंवादात मी तिन्ही नकाशे दाखवले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठांनी हात वर केला आणि म्हणाले, "मॅडम, हा तुमच्या साफसफाईतून राहिलेला कचरा आहे." सभागृहात हशा झाला. मग त्यांनी मृदूपणे विचारलं, "आपण असता कुठे?"

"नाशिकला. कॉलेजात शिकवते."

"वा. द्राक्षं छान असतात."

कचऱ्याला काय उत्तर द्यायचं याची माझी तयारी होती, द्राक्षांना काय द्यायचं याची नव्हती. पण मी व्यासपीठावरून उतरले नाही. म्हटलं, "द्राक्षं छान असतात, सर. कचरा असेल तर दुसऱ्या वारंवारितेवर तो दिसणार नाही. मी दुर्बिणीचा वेळ मागते आहे. तेव्हा कळेल."

वेळ मागणं म्हणजे अर्ज. दुर्बिणीवर जगभरातून अर्ज येतात, समिती निवडते. माझा पहिला अर्ज नाकारला गेला. 'अपेक्षित निष्पत्ती संशयास्पद' असा शेरा होता. सहा महिन्यांनी मी तोच अर्ज पुन्हा पाठवला. फक्त पहिलं वाक्य बदललं: 'हे पट्टे खोटे असतील तर ते खोटे आहेत हे या निरीक्षणाने सिद्ध होईल.' या वेळी सात तास मिळाले. संशयाला वेळ मिळतो, खात्रीला मिळत नाही, असा एक धडा मी त्या दिवशी शिकले.

रेडिओ दुर्बिणीला ऊन-अंधार सारखाच. माझे सात तास सकाळी नऊला सुरू होणार होते. आदल्या दिवशी एसटीने सिन्नर, संगमनेर करत मी दुर्बिणीच्या गावी पोचले. दीड-दोन तास सगळं सुरळीत चाललं. अकराच्या सुमारास पडद्यावरच्या रेषा एकदम गवतासारख्या उभ्या राहिल्या. थांबल्या. पुन्हा उभ्या राहिल्या.

तिथे थोरात नावाचे तंत्रज्ञ होते. गोंगाटाचा उगम शोधणं हेच त्यांचं काम. त्यांनी पडद्याकडे बघितलं, खिडकीबाहेरच्या झाडांकडे बघितलं.

"वारं सुटलं की येतंय, वारं पडलं की जातंय," ते म्हणाले. "खांबावर ठिणगी पडतीय कुठंतरी. चला मॅडम, बसा जीपमध्ये."

एका हातात लहानसा अँटेना धरून तो गाडीबाहेर काढून थोरात दिशा सांगत होते, ड्रायव्हर गाडी वळवत होता. चार-पाच किलोमीटरवर एका टोमॅटोच्या मळ्याशी आवाज सगळ्यात मोठा झाला. आम्ही खांबाखाली उभे राहून वर बघायला लागलो, तसा मळ्याचा मालक धावत आला.

"आकडा नाय हां आमचा! मीटर हाय! या, दावतो."

"आकड्यासाठी नाही आलो, दादा," थोरात म्हणाले. "या बाईंचं काम अडलंय. तुमच्या खांबावर ठिणगी पडतीय, ती त्यांना ऐकू येतीय."

मालकाने माझ्याकडे बघितलं. "रेडिओ लागंना व्हय बाईंचा?"

"लागत नाही ना," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते, सात तासांतलं एकेक मिनिट जात होतं. "पाच वर्षांनी लागला होता, आणि आता लागत नाही."

तो माणूस तसाच वळला. मोटरसायकल काढून गावातल्या वायरमनला मागे बसवून घेऊन आला. लाइन बंद करून घेतली गेली, सैल झालेली पकड आवळली गेली. मालकाचा पंप तेवढा वेळ बंद राहिला. मी आभार मानायला लागले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. लय लांबून आलाव तुम्ही. ऐका तुमचं."

सातातले सव्वाचार तास माझ्या हाती लागले.

त्या निरीक्षणांचे नकाशे करायला मला पाच महिने लागले. पहिली झाली चौथी दीर्घिका, आणि तिने मला तोंडावर पाडलं. तिचा एक पट्टा नव्या वारंवारितेवर तुटला आणि टोकाशी एक स्वतंत्र ठिपका उरला. तो ठिपका दुसऱ्याच, फार दूरच्या दीर्घिकेचा होता. योगायोगाने एकाच रेषेत पडलेला. दुसरा पट्टा तर उरलाच नाही. दोन वर्षं मी ज्याला झोत म्हणत होते तो झोत नव्हता. मी स्वतःच्या हाताने चौथीवर काट मारली आणि ज्या ज्येष्ठांनी कचरा म्हटलं होतं त्यांना पत्राने कळवलं: 'तीनपैकी एकीबाबत माझं चुकलं.' त्यांचं उत्तर आलं नाही.

नववी आणि अकरावी मात्र होत्या तशाच राहिल्या. उलट कमी वारंवारितेवर त्यांचे पट्टे आणखी लांब, आणखी ठळक दिसले. झोतातले जुने, थकलेले इलेक्ट्रॉन कमी वारंवारितेवरच जास्त तळपतात. म्हणजे हे असंच व्हायला हवं होतं. एक शंका राहिली होती: सर्पिल दीर्घिकेत नवे तारे जन्मतात, मोठे तारे फुटतात, त्यांचाही वारा बाहेर सुटतो. तो रेडिओत दिसतो. पण तो वारा चकलीच्या दोन्ही अंगांना सरळ वर-खाली, रुंद पसरतो. माझे पट्टे निरुंद होते, तिरके होते आणि थेट केंद्रातून निघत होते. शिवाय त्या दीर्घिकांत तारे जन्मण्याचा वेग इतका कमी होता की तेवढा रेडिओ उजेड त्यातून निघणं शक्यच नव्हतं.

मी प्रबंधाचं सहावं प्रकरण लिहिलं: 'दोन रेडिओ-शांत सर्पिल दीर्घिकांमधील जेट'. सरांनी ते परत पाठवलं. 'जेट' या शब्दाभोवती प्रत्येक पानावर लाल वर्तुळ.

मी पुण्याला गेले. नोंदणीची मुदत संपायला सात आठवडे होते.

"सहावं प्रकरण काढा," सर म्हणाले. "बाकीचा प्रबंध उत्तम आहे. मी उद्या सही करतो."

"नाही काढणार, सर."

"बरं, ठेवा. पण 'जेट' म्हणू नका. 'विस्तारित उत्सर्जन' म्हणा. कुणाला आक्षेप घेता येणार नाही."

"कुणालाच काही कळणारही नाही."

"विजयाबाई, बाहेरचे परीक्षक कोण आहेत तुम्हाला माहीत आहे. ते हा शब्द बघतील आणि प्रबंध नाकारतील. नाव माझंही आहे त्यावर."

"सर, तुम्हाला त्या नकाशात काय दिसतं? परीक्षकांचं सोडा. तुम्हाला?"

टेबलावरचे कागद नीट जुळवत ते म्हणाले, "मला काय दिसतं हा प्रश्न नाही."

"माझा तोच प्रश्न आहे," मी म्हटलं आणि प्रकरण उचललं.

घरी आल्यावर प्रकाश म्हणाले, "पदवी घे आणि मग भांड. पदवीशिवाय कोण ऐकणार तुझं?" त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी नामपूरला आईकडे गेले. आई कांद्याच्या खळ्यावर कांदा निवडत आयुष्य काढलेली बाई. दीर्घिका काय ते तिला ठाऊक नव्हतं. मी एवढंच सांगितलं की मला एक गोष्ट दिसली आहे, ती दिसली नाही असं लिहून दिलं तर पदवी मिळते.

आईने विचारलं, "तुले दखायनं ना?"

"हो."

"मंग नही कसाले म्हनस?"

दिसलं ना, मग नाही कशाला म्हणतेस. एवढंच बोलून ती चहा टाकायला उठली.

सात आठवडे गेले. मी प्रबंध दिला नाही. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं आणि शिपायाच्या आधी स्टाफरूमला बातमी कळली. पदवी नाही म्हणून पुढे बढतीही नाही. माझ्यानंतर लागलेले दोघे माझे विभागप्रमुख झाले. त्यातल्या एकाला मी बी.एस्सी.ला शिकवलं होतं. हे मला लागलं नाही असं म्हणणार नाही. पुष्कळ लागलं. वेळापत्रक हातात घेताना दर वर्षी लागलं.

सहावं प्रकरण मी निबंध म्हणून एकटीच्या नावावर पाठवलं. पहिल्या नियतकालिकाने नाकारलं. दुसऱ्याने 'जेट' शब्द बदलण्याच्या अटीवर घेऊ म्हटलं. मी त्यांचे आभार मानून निबंध परत घेतला. तिसऱ्या ठिकाणच्या परीक्षकाने अकरा प्रश्न विचारले, कठोर आणि नेमके. त्याने नकाशे खरोखर बघितले होते. मी अकराही प्रश्नांची उत्तरं करून पाठवली, त्यात पाच महिने गेले. निबंध शब्दासकट छापून आला.

तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या एका देशातल्या गटाने, मोठ्या यंत्रांनी आणि पुष्कळ माणसांनी, अशाच दीर्घिकांत झोत शोधून माझ्या आधी चार महिने छापले होते. पहिलं नाव त्यांचं लागलं. मी त्यांचा निबंध वाचून रडले आणि मग पुन्हा वाचून काढला, कारण त्यांचं काम चांगलं होतं. त्यानंतर ते वाढतच गेलं. दुर्बिणी तीक्ष्ण झाल्या, फिकट उजेड पकडू लागल्या आणि शांत म्हणवलेल्या सर्पिल दीर्घिकांत एकामागून एक झोत दिसू लागले. काही लहान, केंद्राजवळच अडकलेले, काही चकली ओलांडून दूर गेलेले. आता तरुण मुलंमुली त्यावर न घाबरता प्रबंध लिहितात. 'रेडिओ-शांत' हा शब्द अजून वापरतात, सवयीने. मी वापरत नाही.

मागच्या वर्षी सबनीस सर त्र्यंबकला काही धार्मिक कामासाठी आले होते. फोन करून घरी आले. ऐंशी ओलांडलेले, हातात काठी. चहा झाला, प्रकृतीचं बोलून झालं. मग कप खाली ठेवून म्हणाले, "सही करायला हवी होती मी."

"हो सर. करायला हवी होती," मी म्हटलं. 'जाऊ द्या' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळली नाही, आणि त्यांनाही ते बहुधा अपेक्षित नव्हतं.

"अजून वेळ गेलेली नाही," ते म्हणाले. "विद्यापीठात माझे विद्यार्थी आहेत. नोंदणी पुन्हा करता येईल. छापलेलं काम आहेच तुमचं. वर्षभरात होईल."

"पदवी आता नको, सर. तुम्हाला काही दाखवायचं आहे. वेळ आहे?"

मी संगणक त्यांच्याकडे वळवला. निवृत्तीनंतरही माझं काम सुरू आहे. निरीक्षणं आता खुली असतात, घरी बसून कुणीही उतरवून घेऊ शकतं. पडद्यावर एका नव्या सर्पिल दीर्घिकेचा नकाशा होता. केंद्र, आणि दोन्ही बाजूंना फिकट, तिरका पसारा.

सरांनी या वेळी चष्मा काढला. पडद्याला नाक लागेल इतकं वाकून बराच वेळ बघितलं. बोटाने हवेत एका पट्ट्याची वाट रेखली, मग दुसऱ्याची. काठीवर भार देत सरळ झाले.

"जेट," ते म्हणाले. "विजयाबाई, हा जेट आहे."

"अजून तसं म्हणता येणार नाही, सर," मी म्हटलं. "आधी दुसऱ्या वारंवारितेवर बघायचंय."